फुकट दात काढणाऱ्यांची गाडी

आमच्या घरात दाताचं नाव काढायची चोरी होती. आम्हा भावंडांपैकी कुणाचा दुधाचा दात हलायला लागला, की आई त्याला परसात विहिरीपाशी न्यायची, दोरा बांधून दात काढायची आणि दबक्या आवाजात बजावायची, "अण्णांना कळता कामा नये." असं का, हे विचारायची सोय नव्हती. दात पडला म्हणून बोळकं दाखवत नाचायचं हे आम्हांला माहीतच नव्हतं. आम्ही ओठ मिटून हसायचो.

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीत बाजाराच्या वरच्या अंगाला मुलांची मराठी शाळा होती, तिथे ते मास्तर होते. उंच, सडसडीत, अंगात बंद गळ्याचा कोट आणि डोक्याला काळी टोपी. त्यांनी छडी क्वचितच उचलली असेल, कारण त्यांना ती उचलावीच लागत नसे. ते पायऱ्यांची पाखाडी चढून घरी यायला लागले, की चपलांच्या आवाजावरून आम्ही आपापल्या जागी जाऊन बसत असू. त्यांना आम्ही भ्यायचो, शाळेतली पोरं भ्यायची, आणि मला वाटतं आईही थोडी भ्यायची. त्यांना स्वतःला कशाची भीती वाटत असेल, हा विचार कधी मनात आला नव्हता.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. गावात विजेचे दिवे यायचे होते, सर्व्हिस मोटारी नुकत्या धावू लागल्या होत्या, आणि मुंबईचा माल आगबोटीने यायचा. आंब्याला मोहोर आलेला होता. त्या दिवसांत अण्णांच्या उजव्या गालावर सूज दिसू लागली. ते काही बोलले नाहीत, पण पानात वाढलेली भाकरी तशीच राहायला लागली. मग ते नुसती पेज पिऊ लागले, तीही मान एका बाजूला कलती करून. आईने न बोलता लवंगेचं तेल देवळीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली अर्धी झालेली. "इस्पितळात दाखवून येता का?" असं तिने एकदाच विचारलं, तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती चुलीपाशी जाऊन बसली.

मुलींची शाळा सकाळची असे. म्हणून दुपारच्या सुट्टीत अण्णांना कोमट मिठाचं पाणी नेऊन द्यायचं काम आईने माझ्याकडे दिलं. फिरकीचा तांब्या पदराआड धरावा तसा परकराआड धरून मी जायची. अण्णा शाळेच्या मागच्या दगडी गडग्याआड उभे राहून गुळण्या करायचे, तांब्या परत द्यायचे आणि आत जायचे.

त्या दिवशी मी शाळेजवळ आले, तर ढोल वाजत होता.

शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत, पिंपळाच्या पाराला लागून, एक बैलगाडी उभी होती. बैल सोडून बाजूला बांधलेले. गाडीच्या मागच्या अंगाला फळ्या ठोकून त्यांवर माणसाएवढं एक तोंड रंगवलं होतं. लालभडक ओठ, वर-खाली चुन्यासारखे पांढरे दात, आणि मधे जिथे घसा असायचा तिथे फळ्या कापून वाट केलेली. त्या वाटेतून आत, गाडीवर, एक खुर्ची दिसत होती. म्हणजे खुर्चीवर बसणारा माणूस त्या तोंडात बसल्यासारखाच दिसे. मी तांब्या घट्ट धरून गर्दीच्या कडेला उभी राहिले.

खुर्चीपाशी पांढरा कोट घातलेला, मिशांना पीळ दिलेला एक माणूस उभा होता. कालच्या आगबोटीने आला म्हणे. त्याचं दंतमंजन होतं. तांबड्या कागदाच्या डब्यांची रास त्याने गाडीच्या कठड्यावर रचली होती, आणि तो मोठमोठ्याने सांगत होता, "दंतमंजन विकत घ्या अगर घेऊ नका! ज्याचा दात दुखतोय त्यानं फक्त वर यावं! दात काढणार फुकट! वर मंजनाचा डबा फुकट! न दुखता, न ओरडता! मुंबईत हजारोंचे काढले! कुणी ओरडलेलं ऐकलंत का? आत्ता या बाई गेल्या, त्या ओरडल्या का?"

लोक "नाही, नाही" म्हणाले. आणि खरंच कुणी ओरडलं नव्हतं. एक कोळीण नुकतीच उतरली होती, पाटी काखोटीला मारून, तोंडाला पदर लावून चालली होती. ती माझ्या जवळून गेली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मग एक गडीमाणूस वर चढला आणि मला सगळा प्रकार समजला. पांढऱ्या कोटवाल्याने पक्कड तोंडात घातली, मान हलवून खूण केली, आणि गाडीखाली उभ्या असलेल्या ढोलवाल्याने असा काही ढोल बडवायला सुरुवात केली, की पिंपळावरचे कावळे उडाले. गडी खुर्चीखाली पाय झाडत होता. तोंड उघडं होतं. आवाज मात्र ढोलाचाच. मग ढोल थांबला, कोटवाल्याने दात उंच धरून दाखवला, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि दात इनॅमलच्या ताटलीत टाकल्याचा बारीकसा आवाज आला.

त्या बारीक आवाजाची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मला तिथून पळून जायचं होतं, पण पाणी द्यायचं होतं.

तेवढ्यात अण्णा शाळेतून बाहेर आले. सुट्टी संपली होती, पोरं वर्गात जायची सोडून गाडीभोवती जमली होती, आणि ढोलाने शिकवणं अशक्य झालं होतं. अण्णा सरळ गर्दीत शिरले. गर्दी बाजूला झाली, तशी ती नेहमीच व्हायची.

"हे इथून हलवा," ते म्हणाले. "ही शाळा आहे."

सुजेमुळे त्यांचे शब्द जाड आले. कोटवाल्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"मास्तर," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाल केवढा सुजलाय तुमचा! दाढ आहे. खालची. इतके दिवस सोसताय? या, बसा. मास्तर लोकांचं आधी!"

"मला गरज नाही."

"गरज नाही कशी? तोंड उघडत नाही तुमचं. का भीती वाटते?"

कुणीतरी हसलं. पोरांपैकी होतं की मोठ्यांपैकी, मला दिसलं नाही. अण्णांनी मागे वळून पाहिलं. त्यांची सगळी शाळा तिथे उभी होती, चौथीतली थोराड पोरं पुढे, बिगारीतली लहान मुलं पारावर चढलेली. आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते.

मग त्यांना मी दिसले. ते माझ्याजवळ आले, टोपी काढून माझ्या हातात दिली, चष्मा काढून टोपीत ठेवला. त्यांची बोटं माझ्या हाताला लागली, ती बर्फासारखी गार होती आणि थरथरत होती. मोहोराच्या दिवसांतली ती दुपार, ऊन चांगलं तापलेलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. अण्णा घाबरतात, हे कळल्यावर मला वाटलं, आता आपल्याला वाचवणारं कुणी उरलं नाही.

"अण्णा, नको," मी म्हणाले.

ते त्या रंगवलेल्या तोंडात चढून गेले.

ढोल वाजू लागला. या खेपेला तो थांबेचना. कोटवाल्याने एक पाय खुर्चीच्या दांड्यावर रोवला होता. त्याची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे मला अण्णांचे फक्त हात दिसत होते. हातांनी खुर्ची धरली होती, मग ते सुटले, मग हवेत काहीतरी शोधल्यासारखे झाले. मी डोळे मिटले. ढोल माझ्या छातीत वाजत होता.

थांबला तेव्हा कोटवाल्याने दात दाखवला, पण नेहमीसारखा उंच धरून फिरवला नाही. दाखवला न दाखवला आणि ताटलीत टाकला. टाळ्या झाल्या. अण्णा उतरले, माझ्याकडून टोपी घेऊन घातली, चष्मा घातला आणि तोंडाशी रुमाल धरून म्हणाले, "शाळा भरली आहे." पोरं पळाली. मंजनाचा डबा कोटवाल्याने माझ्याच हातात कोंबला.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप तिच्या मांडीवरून खाली गेलं, तांदूळ सगळ्या ओटीवर पसरले, आणि ती ते गोळा करायला वाकलीसुद्धा नाही.

"बसले? आपणहून बसले?" एवढंच ती पुनःपुन्हा विचारत राहिली. मग तिने मला जवळ घेतलं आणि आजवर लपवलेलं सांगितलं. अण्णांना एक थोरला भाऊ होता. दोघे एका ताटात जेवायचे, असा जीव. अण्णा माझ्या वयाचे असताना त्या भावाची दाढ दुखायला लागली. गावात न्हाव्याकडून काढवून घेतली. रक्त थांबलं नाही, मग जबडा धरला, ताप चढला. तोंड उघडेना म्हणून पाणीसुद्धा पाजता येईना. अण्णा उशाशी बसून कापसाचा बोळा त्याच्या ओठांवर पिळत होते. आठवडाही निघाला नाही.

"तेव्हापासून ते दात हा शब्द ऐकून घेत नाहीत," आई म्हणाली. "आणि आज चारचौघांत... देवा गणपतीपुळ्याच्या, सांभाळ रे बाबा."

अण्णा शाळा सुटल्यावर आले. पाखाडीवर चपलांचा आवाज ऐकू आला, पण मधे मधे थांबत होता. ते घरापुढच्या खळ्यात आले तेव्हा रुमाल लाल चिंब झाला होता आणि कोटाच्या पुढच्या अंगावर डाग पडले होते. दोन तास त्यांनी तसंच शिकवलं होतं. ते पडवीत भिंतीला टेकून बसले. आईने तुरटीचं पाणी दिलं, फडकं बदललं. तेही लाल झालं. पुन्हा बदललं. अण्णा फक्त समोर बघत होते. आईने इस्पितळाचं नाव काढलं, तर त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. शेजारी कुणी पुरुषमाणूस नव्हतं. ऊन उतरायला लागलं होतं. धाकटी भावंडं एका कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसली होती, रडतसुद्धा नव्हती.

मला काय सुचलं कोण जाणे. ज्याने केलं त्यालाच विचारावं, असं वाटलं. आईला न सांगता मी पाखाडी उतरून धावत सुटले.

गाडी पारापाशी नव्हती. एका पानवाल्याने सांगितलं, बंदराच्या रस्त्याला धर्मशाळा आहे तिथे गेली. मी तिथवर गेले. गाडी आवारात उभी होती, ते रंगवलेलं तोंड आता माझ्या अगदी समोर आलं. कोटवाला ओट्यावर पेट्या बांधत होता. पांढरा कोट उतरवलेला, तर तो अगदीच साधा, किडकिडीत माणूस दिसत होता. ढोलवाला पायरीवर विडी ओढत बसला होता.

"माझ्या अण्णांचं रक्त थांबत नाही," मी म्हणाले.

"कोण अण्णा?"

"शाळेतले मास्तर."

तो पेटीची दोरी आवळतच राहिला. "थोडं येतंच. जा, जा घरी. मीठ घालून गुळण्या करायला सांग."

माझ्या परकराला रक्त लागलं होतं, आईने बदललेली फडकी मी उचलली होती ना. ते ढोलवाल्याने पाहिलं. तो उठला. वयस्क होता, आमच्याच बाजूच्या खेड्यातला, हातखंब्याकडचा. कोटवाल्याने त्याला इथेच कामाला धरलं होतं.

"काय झाला गो पोरी? लय रगात जाताय काय?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो कोटवाल्याकडे वळला. "दाढ दाखव मास्तरची."

"आता कुठली शोधू?"

"दाखव म्हणतो ना."

कोटवाल्याने ती इनॅमलची ताटली पुढे केली. ओट्यावर अजून उजेड होता. ताटलीत दात होते, पिवळे, काळे, पानाने लाल झालेले, काहींना सुकलेलं मांस चिकटलेलं. मला वाटलं होतं आता ते मलाच ओळखायला सांगतील. मी ओट्याच्या कडेला धरून उभी राहिले. पण कोटवाल्याला शोधावं लागलं नाही. त्याने बोटाने चटकन एक दाढ बाजूला केली, म्हणजे ती कुठे आहे हे त्याच्या मनात होतंच. तिचं एक मूळ अख्खं होतं. दुसरं अर्ध्यातून तुटलेलं.

"तुकडा आत राहिलाय," तो हळू म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज चिरकला. "मी काय मुद्दाम केलं? गळू होतं आत, दाढ कुजलेली. इस्पितळात न्या म्हणावं. आत्ताच्या आत्ता न्या. माझं नाव घेऊ नका. मला बायकोपोरं आहेत." त्याची बोटं थरथरत होती. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तीच थरथर मी दुपारी पाहिली होती, आणि तो राग कुठे जमलाच नाही. नुसती भीतीच वाढली.

ढोलवाला पुढचं काही ऐकायला थांबला नाही. "चल गो," म्हणून तो माझ्याबरोबर निघाला. घरी पोचलो तेव्हा आई दिवा लावत होती. अण्णांची मान एका बाजूला झुकली होती. अनोळखी माणसाला पाहून आई दारातच उभी राहिली. तो खळ्यातूनच म्हणाला, "वैनी, तुकडा रवलाय आत. मास्तरला न्यायला व्हया."

अण्णांनी डोळे उघडले आणि नाही म्हणून हात हलवला. तेव्हा आईने जे केलं ते मी कधी विसरले नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तोडून म्हणाली, "तुमच्या भावाला कुणी नेलं नव्हतं. तुम्हांला मी नेणार आहे."

ढोलवाल्याने अण्णांना पाठीवर घेतलं. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, मी कंदील धरून पुढे, आई मागून आधाराला. सरकारी इस्पितळापर्यंत अण्णा त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून होते. त्याची बंडी पाठीमागून ओली झाली.

डॉक्टर इंग्रज नव्हते, आपल्यातलेच होते, तरुण. त्यांनी कुणी काढली वगैरे काही विचारलं नाही. आम्हांला बाहेर बसवलं. आतून एक चमत्कारिक गोड वास येत होता, क्लोरोफॉर्मचा, हे मला मोठेपणी कळलं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि म्हणाले, "तुकडा निघाला. रक्त थांबलंय. पण विष पसरलं असेल तर ताप येईल. ताप उतरला की जिंकलो."

ताप आला. जबडा धरला. आई जे सांगत होती ते सगळं एकेक करून होऊ लागलं, आणि आम्ही ते ओळखीच्या वाटेवरून जावं तसं बघत होतो. आई खाटेपाशी बसून असे. मी घरचं करून, भावंडांना शेजारच्या आळीतल्या मामींकडे सोडून इस्पितळात जायची. दारातून आत पाहायच्या आधी मी आईच्या पाठीकडे पाहायची. पाठ ताठ असली तर मग आत जायची.

ढोलवाला व्हरांड्यात यायचा. कोटवाला दुसऱ्याच दिवशी आगबोटीने निघून गेला होता, याची मजुरी देऊन की न देता, ते त्याने सांगितलं नाही. तो बाहेरूनच विचारायचा, "मास्तर कसा हाय?" आणि उकिडवा बसून राहायचा. एकदा मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो म्हणाला, "मी ढोल वाजवला म्हणून कोणाक ऐकू गेला नाय. मी जवळ व्हतो. मास्तर वरडला."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"वरडत नव्हता तसा. हाका मारीत व्हता. दादा, दादा म्हणून. म्या खूण बघितली, वाजवीत रवलो." त्याने डोळ्यांवरून पालथा हात फिरवला. "आता ढोल हातात धरवत नाय."

हे मी आईला सांगितलं नाही. व्हरांड्यातून मला अण्णांची खाट दिसत होती, आणि त्यांच्या ओठांवर आई कापसाचा बोळा पिळत होती.

एका सकाळी मी गेले तर आई व्हरांड्यात उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती, वाकलेली, आणि हलत होती. माझे पाय तिथेच थांबले. कितीतरी वेळ मी पुढे जाऊ शकले नाही. मग तिने वळून पाहिलं. ती रडत होती, पण हाताने मला बोलवत होती, लवकर ये म्हणून. आत अण्णा उशीला टेकून बसले होते. अंगाला घाम फुटला होता. त्यांचं तोंड बोटभर उघडत होतं, आणि डॉक्टर त्यांना चमच्याने पाणी पाजत होते.

घरी आल्यावर बघायला माणसं आली. पडवी भरली. शाळेतले दुसरे मास्तर आले, आळीतले म्हातारे आले, आणि खळ्याच्या कडेला, आत यायचं धाडस न होऊन, चौथीतली पोरं उभी राहिली. अण्णा घोंगडीवर बसले होते, एक गाल आत गेलेला, आवाज अजून घोगरा. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "काय धीराचे मास्तर! एवढं झालं, पण तोंडातून हूं की चूं नाही. सगळ्या बाजारानं पाहिलं."

अण्णांनी खळ्यातल्या पोरांकडे पाहिलं. मला वाटलं, ते नेहमीसारखे गप्प बसतील.

"तसं नाही," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो. ओरडलोसुद्धा. ढोल होता म्हणून कळलं नाही तुम्हांला."

म्हाताऱ्यांपैकी एकाने घसा खाकरला. आईने आतून आटवल आणली, मऊ शिजवलेला भात, वर तुपाची धार. अण्णांनी ती सगळ्यांसमोर, हळूहळू, डाव्या बाजूने चावत खाल्ली. पोरं उभीच होती. खाऊन झाल्यावर त्यांनी पोरांना विचारलं, कुणाची दाढ दुखते आहे का. आधी कुणी हलेना. मग मागून एक हात वर झाला. अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी इथे ये. मी तुला इस्पितळात घेऊन जातो. मीही आत येईन."